मोजपट्टीचा यागी: दोन मीटर बँडसाठी घरी बनवायचा दिशादर्शक अँटेना

हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेने रेडिओवर बोलण्याचा, परवाना हातात आला की पहिली खरेदी बहुधा पाच वॅटच्या वॉकीटॉकीची होते. महिनाभर गावातल्या रिपीटरवर (आवाज पकडून पुन्हा लांब पाठवणाऱ्या केंद्रावर) बोलणं होतं. मग पलीकडच्या जिल्ह्यातला एखादा आवाज खरखरीत बुडालेला ऐकू येतो आणि वाटायला लागतं की आता पंचवीस नाहीतर पन्नास वॅटचा सेट घ्यावा. माझं कळकळीचं सांगणं आहे की ती दुसरी खरेदी थोडी थांबवा. जास्त वॅटमुळे तुमचा आवाज लांब जाईल, पण समोरच्याचा तुम्हाला ऐकू येणार नाही. कान सुधारतो तो अँटेना. बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच वेळी सुधारणारी वस्तू शॅकमध्ये, म्हणजे हॅमच्या रेडिओच्या खोलीत, दुसरी नाही, आणि ती हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानातून एका रविवारात तयार होते.

हा लेख १४५ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे दोन मीटर लांबीच्या लहरींच्या बँडसाठी, तीन एलिमेंटचा (दांड्यांचा) यागी बनवण्याबद्दल आहे. एलिमेंट स्टीलच्या मोजपट्टीचे, म्हणजे सुतार-गवंडी वापरतात त्या गुंडाळायच्या टेपचे. बूम, म्हणजे त्यांना धरणारा मधला दांडा, नळाच्या पीव्हीसी पाइपचा. अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी लपवलेला ट्रान्समीटर शोधण्याच्या खेळासाठी ही रचना लोकप्रिय केली. त्या खेळात झाडीतून पळावं लागतं, आणि टेपचे एलिमेंट फांदीला अडकले तरी वाकून पुन्हा सरळ होतात. आपल्याला हाच गुण गडावर जाताना उपयोगी पडतो. अँटेना घडी करून सॅकच्या बाजूला बांधता येतो आणि वर पोचल्यावर पट्ट्या आपोआप ताठ उभ्या राहतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात या बँडवर प्रसारण करायला केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगचा परवाना लागतो. परीक्षा बारा वर्षांपुढच्या कोणालाही देता येते. तुमच्याकडे परवाना आहे किंवा तुम्ही परवानाधारकासोबत काम करताय, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

हा अँटेना एका बाजूलाच का पाहतो

गच्चीवरच्या दूरदर्शनच्या अँटेनाला लहानपणी हात लावला असेल तर यागी तुम्ही आधीच ओळखता. पुण्यात घरोघरी त्याचं तोंड सिंहगडाकडे असायचं. त्याची मूळ रचना १९२० च्या दशकातली, जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकू इंपिरियल विद्यापीठातली. प्रत्यक्ष प्रयोगांचा मोठा भाग शिंतारो उदा यांनी केला. त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत लेख लिहिला आणि जगभर नाव चाललं ते यागींचं. म्हणून जाणकार अजूनही आवर्जून ‘यागी-उदा’ म्हणतात. मलाही तेच न्याय्य वाटतं, लिहिताना मात्र सोयीसाठी यागीच म्हणतो.

तीन दांड्यांपैकी रेडिओची केबल फक्त मधल्या दांडीला जोडलेली असते. तिला ड्रिव्हन एलिमेंट म्हणतात. बाकीच्या दोघींना कुठलीच तार जात नाही. मधल्या दांडीतून लहर निघाली की या दोघींमध्येही प्रवाह सुरू होतो आणि त्याही लहर बाहेर टाकायला लागतात. मागची दांडी, म्हणजे रिफ्लेक्टर, थोडी लांब असते. पुढची, म्हणजे डायरेक्टर, थोडी आखूड. लांबीतल्या या फरकामुळे आणि मधल्या अंतरामुळे त्यांच्या प्रवाहांची वेळ अशी पुढेमागे होते की तिन्ही लहरी पुढच्या दिशेला एकमेकींत मिळतात आणि मागच्या दिशेला एकमेकींना खोडतात. ताकद कुठूनही नव्याने येत नाही. चहूकडे विखुरणारी ताकद एका बाजूला वळते, एवढंच.

आपल्या अँटेनाचा फायदा साध्या डायपोलच्या (मध्ये केबल जोडलेल्या एकट्या दांडीच्या) तुलनेत ढोबळमानाने पाच डेसिबल धरा, म्हणजे तिपटीच्या आसपास. पाच वॅटचा सेट त्या एका दिशेला पंधरा वॅट डायपोलला दिल्यासारखा पोचतो. वॉकीटॉकीसोबत येणारा रबरी अँटेना डायपोलपेक्षाही बराच मागे असतो, त्यामुळे हातात जाणवणारा फरक याहून मोठा असतो. आणि तोच फरक ऐकतानाही मिळतो.

सामान

स्टीलची पाच मीटरची मोजपट्टी घ्या, रुंदी शक्यतो २५ मिमी. १९ मिमीची पट्टीही चालते, पण वाऱ्यात जास्त डोलते आणि ट्यूनिंग थोडं हलतं. तीन मीटरची स्वस्त, अरुंद पट्टी घेऊ नका. एकूण पावणेतीन मीटरच्या पुढे पट्टी लागते, एक तुकडा चुकला की संपलं. शिवाय ती आपल्याच वजनाने वाकते. भंगारात गेलेली, स्प्रिंग तुटलेली पट्टी मिळाली तर उत्तम. आकडे पुसलेले असले तरी काही बिघडत नाही. कापण्यासाठी मोजायला मात्र दुसरी चांगली पट्टी जवळ असू द्या.

एक इंची पीव्हीसी पाइप साधारण एक मीटर, त्याच मापाचे दोन क्रॉस (चार तोंडांचे जोड) आणि एक टी (तीन तोंडांचा). क्रॉस प्रत्येक दुकानात नसतो. बागेच्या किंवा शेतीच्या पाइपांचं दुकान असेल तिथे विचारा. अगदीच नाही मिळाला तर सरळ पाइपवर हातभर लांबीची कोरडी लाकडी पट्टी आडवी स्क्रूने बसवून तिच्यावर टेप बांधला तरी अँटेना तितकाच चालतो. टेप आवळायला जुबिली क्लिपा लागतील, सहा. गॅसच्या नळीला लावतात त्याच, फक्त एक इंची फिटिंगवर बसतील अशा मोठ्या.

पन्नास ओहमची आरजी-५८ केबल तीन मीटर, आणि तुमच्या सेटला बसेल असा कनेक्टर. कनेक्टर घ्यायला जाताना सेट बरोबर न्या. काही वॉकीटॉकींच्या तोंडाशी पिन असते, काहींच्या भोक. घरी आठवणीवर विसंबून आणलेला कनेक्टर हमखास उलटा निघतो. टीव्हीची केबल घरात पडलेली असते म्हणून ती वापरायचा मोह होतो. ती पंच्याहत्तर ओहमची असते आणि तिची बाहेरची जाळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची, जिला साधं सोल्डर धरत नाही. पहिल्या अँटेनासाठी तो घोळ नको.

आरजी-५८ फक्त तीन मीटर का? ही केबल या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमागे जवळजवळ दोन डेसिबल खाते. कष्टाने मिळवलेल्या पाचातले दोन केबलमध्येच गेले तर काय उरलं? पुढे कधी अँटेना गच्चीवर कायमचा बसवलात तर आरजी-२१३ सारखी जाड केबल घ्या, तिचं नुकसान निम्म्याहून कमी.

याशिवाय १४ किंवा १६ गेजची उघडी तांब्याची तार वीतभर, साठ वॅटचं सोल्डरिंग आयर्न (पंचवीस वॅटचं इथे पुरत नाही), सोल्डर, सोल्डरिंग पेस्ट, पॉलिश पेपर, पत्रा कापायची कात्री, इन्सुलेशन टेप आणि जाड हातमोजे. हातमोजे यादीत शेवटी लिहिले, पण घालायचे सगळ्यात आधी. मोजपट्टीची कापलेली कड ब्लेडसारखी असते.

मापं

ही मापं २५ मिमी रुंदीच्या पट्टीसाठी आणि १४५ मेगाहर्ट्झ मध्य धरून आहेत. आपल्याकडे हा बँड १४४ ते १४६ आहे. परदेशी नकाशे बरेचदा १४६ च्या पुढचे असतात, कारण अमेरिकेत हाच बँड १४८ पर्यंत जातो. ते जसेच्या तसे उतरवले की अँटेना आपल्या बँडच्या वरच्या टोकाबाहेर जुळतो.

रिफ्लेक्टर: १०६२ मिमी, एक सलग तुकडा
ड्रिव्हन एलिमेंट: ४५६ मिमीचे दोन तुकडे, मध्ये २५ मिमीची फट
डायरेक्टर: ९०२ मिमी, एक सलग तुकडा
रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन: २०५ मिमी
ड्रिव्हन ते डायरेक्टर: ३२१ मिमी
हेअरपिनची तार (पुढे समजावली आहे): १२८ मिमी

दोन्ही अंतरं एलिमेंटच्या मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंतची. ड्रिव्हनचे दोन तुकडे कापताना मात्र प्रत्येकी पाच मिमी जास्त, म्हणजे ४६१ ठेवा. नंतर कापून कमी करता येतं, वाढवता येत नाही. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर मापाप्रमाणेच कापा, त्यांना पुन्हा हात लावायची वेळ येत नाही.

कापणं आणि सोल्डर करणं

पट्टी डब्यातून पूर्ण बाहेर काढताना स्प्रिंग सुटून उसळते. पट्टी ओढून धरा, डब्यापाशी पक्कडीने घट्ट पकडा आणि मगच कापा. मुलं जवळ असतील तर त्यांना या टप्प्याला दूर बसवा.

प्रत्येक तुकड्याचे कोपरे गोल कापून कडेवर पॉलिश पेपर फिरवा, मग टोकाला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे. हे दिसण्यासाठी नाही. गडावर वाऱ्यात अँटेना फिरवताना ही टोकं शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर येतात.

आता या कामातला सगळ्यात हट्टी भाग. मोजपट्टीवर रंग असतो, काहींवर रंगाच्या वर नायलॉनचा पारदर्शक थरही. ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांचं आतलं टोक, जिथे केबल येणार तिथे, साधारण २० मिमी पट्टा चकचकीत स्टील दिसेपर्यंत घासा. जराही पिवळेपणा राहिला तर सोल्डर थेंबासारखं गोल होऊन घसरतं. घासल्यावर लगेच पेस्ट लावा, आयर्न पूर्ण तापू द्या, टोक स्टीलवर दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि सोल्डर आयर्नला न लावता पट्टीला लावा. पट्टीच्या उष्णतेने ते वितळून पाण्यासारखं पसरलं तर धरलं. असा पातळ थर दोन्ही टोकांना आधी चढवून घ्या. तार लावायचं काम मग सोपं होतं. पेस्ट आम्लयुक्त असते. शेवटी ओल्या कापडाने पुसली नाही तर दोन महिन्यांत तोच सांधा गंजतो.

हे सगळं पट्ट्या पाइपवर चढवण्याआधी करा, नाहीतर पीव्हीसी वितळेल. एका निरुपयोगी फळीवर ड्रिव्हनचे दोन तुकडे एका रेषेत, मध्ये बरोबर २५ मिमी फट ठेवून चिकटपट्टीने बसवा. केबलच्या टोकाचं बाहेरचं काळं आवरण ३० मिमी सोला, जाळी एका बाजूला पिळून तिची वेणी करा, मधली तार सोला. मधली तार एका तुकड्याला, जाळी दुसऱ्याला. दोन्ही पाय शक्य तितके आखूड, कारण या फ्रिक्वेन्सीला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी तारही स्वतःचा परिणाम दाखवते.

इथे थांबा आणि मल्टिमीटर घ्या. केबलच्या दुसऱ्या टोकाला कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरचं धातूचं अंग यांच्यात सातत्य नको. पिन ते एक पट्टी, अंग ते दुसरी पट्टी, एवढंच वाजलं पाहिजे. ही तपासणी आत्ताच करायची, कारण पुढच्या पायरीनंतर ती करता येणार नाही.

हेअरपिन

तीन एलिमेंटच्या यागीत मधल्या दांडीच्या तोंडाशी मिळणारा रोध वीस-पंचवीस ओहमपर्यंत खाली येतो, कारण शेजारच्या दोन दांड्या तिच्यावर भार टाकतात. आपला सेट आणि केबल पन्नास ओहमची. ही विषमता तशीच राहिली तर पाठवलेल्या ताकदीचा काही भाग परत फिरतो. म्हणून ड्रिव्हन एलिमेंट मुद्दाम थोडा आखूड ठेवतात. आखूड दांडी कॅपॅसिटरसारखी वागते, आणि तिच्या तोंडावर तारेचा छोटा यू म्हणजे कॉइल समांतर जोडली की दोघं मिळून रोध पन्नासच्या जवळ उचलतात. तो यू म्हणजेच हेअरपिन. केसांच्या आकड्यासारखा दिसतो, नाव तिथूनच आलं.

तांब्याची १२८ मिमी तार घ्या, मध्ये वाकवून यू करा, दोन पायांत साधारण २० मिमी अंतर. पायांची टोकं किंचित बाहेर वळवून एक एका पट्टीला, दुसरं दुसऱ्या पट्टीला, केबल जोडली आहे तिथेच सोल्डर करा. यू नंतर बूमला समांतर, डायरेक्टरच्या दिशेला आडवा पडेल असा ठेवा.

आता मल्टिमीटर लावला तर पिन आणि अंग यांच्यात सरळ शॉर्ट दाखवेल. घाबरू नका. बॅटरीच्या प्रवाहाला तो तारेचा तुकडा शॉर्टच आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या प्रवाहाला नाही. माझ्या पहिल्या अँटेनाच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शॉर्ट दिसतो म्हणून मी चांगला केलेला कनेक्टर कापला, नवा लावला, पुन्हा शॉर्ट, पुन्हा कापला. एक अख्खी संध्याकाळ आणि दोन कनेक्टर त्यात गेले. हा परिच्छेद त्यासाठी मुद्दाम लांबवला आहे.

बूम

एका टोकाला टी, त्यावर डायरेक्टर. मध्ये क्रॉस, त्यावर ड्रिव्हन. मागे दुसरा क्रॉस, त्यावर रिफ्लेक्टर, आणि त्याच्या चौथ्या तोंडात वीत-सव्वा वीत पाइप, ती मूठ. फिटिंगच्या आत पाइप किती शिरतो हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून पाइपच्या तुकड्यांची मापं मी देत नाही. तुकडे थोडे मोठे कापा, कोरडेच जोडा, फिटिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि २०५ व ३२१ येईपर्यंत करवतीने छाटत जा. सोल्यूशन लावायचं नाही. सगळं जुळल्यावर प्रत्येक सांध्यात एक बारीक स्क्रू पुरतो, आणि पुढे कधी खोलून सॅकमध्ये भरायला मोकळीक राहते.

पट्टीची खोलगट बाजू पाइपकडे ठेवा, ती फिटिंगच्या गोलाईवर छान बसते. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टरचा बरोबर मध्य फिटिंगच्या मध्यावर आणून प्रत्येकाला दोन क्लिपा आवळा. ड्रिव्हनचे दोन तुकडे क्रॉसच्या दोन बाजूंना, एकेक क्लिप. क्लिप केबलच्या जाळीला किंवा दुसऱ्या तुकड्याला टेकत नाही ना ते बघा. मग दुरून एका डोळ्याने पहा: तिन्ही पट्ट्या एकाच पातळीत हव्यात. एखादी पिळलेली दिसली तर क्लिप सैल करून सरळ करा.

केबल ड्रिव्हनपासून मागे, म्हणजे रिफ्लेक्टरच्या दिशेने जाऊ द्या आणि वाटेत बूमवरच तिचे पाच-सहा वेढे एकाला एक चिकटून घाला. ही गुंडाळी चोकचं काम करते. ती नसली तर जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह केबलभर पसरतो, केबलच अँटेनाचा भाग बनते, आणि दिशा धूसर होते. केबल हातात धरल्यावर एसडब्ल्यूआर (किती ताकद परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) बदलत असेल तर ओळखा की चोक कमी पडतोय. एक-दोन वेढे वाढवा किंवा जुन्या कॉम्प्युटर केबलवर असते तशी फेराइटची गोळी चढवा. वेढे फार लहान व्यासाचे करू नका, केबल आतून चेपते. पुढे केबल बूमला बांधत मुठीपर्यंत न्या.

ट्यूनिंग

हे घरात करू नका. खोलीतल्या भिंतींतलं लोखंड, वायरिंग, कपाट, सगळं आकडे बिघडवतं. गच्चीवर किंवा अंगणात, आजूबाजूला दोन-तीन मीटर मोकळं असेल तिथे अँटेना आकाशाकडे तोंड करून धरा किंवा लाकडी स्टुलाला बांधा. मोजायला दोन मार्ग आहेत. क्लबमधल्या कोणाकडे छोटा नॅनो-व्हीएनए (अँटेना मोजायचं हातातलं यंत्र) असेल तर एका संध्याकाळसाठी मागून आणा. तो १४० ते १५० पर्यंतचा पूर्ण आलेख एका नजरेत दाखवतो. फक्त त्याला प्रसारण करणारा सेट कधीही जोडू नका, क्षणात जळेल. नाहीतर साधा एसडब्ल्यूआर मीटर. तो सेट आणि अँटेना यांच्यामध्ये लावून कमी पॉवरवर, आधी फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना ते ऐकून, स्वतःची कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेली ओळखखूण) सांगून १४४.२, १४५ आणि १४५.८ वर थोडा थोडा वेळ बटण दाबायचं.

आपण ड्रिव्हनचे तुकडे लांब ठेवले होते, त्यामुळे एसडब्ल्यूआरचा सगळ्यात कमी आकडा बहुधा १४५ च्या खाली, १४३-१४४ जवळ मिळेल. प्रत्येक बाजूचे तीन मिमी कापले की तो साधारण एक मेगाहर्ट्झ वर सरकतो. दोन्ही बाजूंना सारखंच कापायचं, एका वेळी दोन मिमीपेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक कापण्यानंतर पुन्हा मोजायचं. इथे घाई करणाऱ्याच्या हातात शेवटी १४८ चा अँटेना उरतो.

किमान आकडा १४५ वर आला, पण तो १.७ किंवा १.८ च्या खाली उतरत नाही, असंही होतं. तेव्हा कात्री ठेवा आणि हेअरपिनला हात लावा. यूचे पाय थोडे जवळ आणा, मोजा. बिघडलं तर थोडे लांब करा, मोजा. दोन-तीन मिमीत फरक दिसतो. १४५ वर १.२ च्या आसपास आणि दोन्ही टोकांना १.५ च्या आत आलं की थांबा. त्यापुढे १.२ चा १.०५ करण्यात घालवलेला तास हवेत कुठेच ऐकू येत नाही.

जमल्यावर उघड्या सांध्यांवर आणि घासलेल्या स्टीलवर नेलपॉलिशचे दोन हात द्या. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर हे त्याच दिवशी करा. खाऱ्या हवेत उघडं स्टील पावसाळ्याचीही वाट पाहत नाही.

दिशा खरंच आहे का

एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला, असं नाही. पन्नास ओहमचा साधा रेझिस्टरही उत्तम एसडब्ल्यूआर दाखवतो आणि ताकद सगळी उष्णतेत घालवतो. म्हणून दिशा तपासायचीच. दोन-चार किलोमीटरवरच्या मित्राला कमी पॉवरवर बोलत राहायला सांगा आणि अँटेना हळूहळू पूर्ण फिरवा. डायरेक्टर त्याच्याकडे असताना सेटवरचा सिग्नलचा मीटर सगळ्यात वर जायला हवा, रिफ्लेक्टर त्याच्याकडे असताना ठळक खाली पडायला हवा. सिग्नल इतका जोरदार असेल की मीटर सगळीकडेच भरलेला दिसतो, तर मित्राला पॉवर अजून कमी करायला सांगा.

एक गंमतीची आणि उपयोगाची गोष्ट तेव्हाच लक्षात येते. पुढचं टोक बोथट आहे. वीस-तीस अंश इकडेतिकडे झालं तरी फारसा फरक पडत नाही. मागचा खड्डा मात्र टोकदार आहे. म्हणून कोणी गोंगाट करणारा ट्रान्समीटर शोधायचा असेल तर पाठ वापरा: आवाज सगळ्यात बारीक कुठे होतो ते पहा, तो तुमच्या बरोबर मागे आहे. डोंगराळ भागात कधी कधी सगळ्यात जोरदार सिग्नल रिपीटरच्या दिशेने येतच नाही, समोरच्या कड्यावर आदळून येतो. तेव्हा होकायंत्रावर न जाता कानावर विसंबा आणि कड्याकडे तोंड करूनच बोला.

उभा की आडवा

रिपीटर आणि एफएमवरचं सगळं बोलणं उभ्या ध्रुवीकरणाने चालतं, म्हणजे पट्ट्या जमिनीला काटकोनात उभ्या हव्यात. एसएसबी (दूरवर बोलायची वेगळी पद्धत) आणि मोर्सवाले आडव्या ठेवतात. चुकलं तर वीस डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकतं, म्हणजे केलेली सगळी मेहनत वाया. अँटेना खांबावर लावायचा झाला तर उभ्या पट्ट्यांच्या मधोमध लोखंडी खांब आणू नका, तो चौथा एलिमेंट होऊन बसतो. मागे मुठीला धरून आडवा दांडा काढा, किंवा लाकडी-बांबूची काठी वापरा. बांबू या कामाला फार चांगला.

गच्चीवर लावताना विजेच्या तारा कुठून जातात ते आधी पहा. काठी निसटून पडली तरी तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. एप्रिल-मे मधल्या वळवाच्या वेळी आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की गडावर असाल तर अँटेना खाली ठेवा आणि माथा सोडा. बोलताना अँटेनाच्या मागे उभे रहा, समोर जवळ कोणाला उभं करू नका.

पहिल्यांदा कुठे न्यायचा

या बँडवर उंचीइतकं दुसरं काही कामाला येत नाही, आणि उंचीच्या बाबतीत सह्याद्रीकाठच्या माणसाला तक्रारीला जागा नाही. पण मला विचाराल तर पहिली संध्याकाळ आकाशासाठी ठेवा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून साधारण दीड तासाला एक प्रदक्षिणा घालतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली असल्याने ते आपल्या डोक्यावरून नियमित जातं, आणि त्यावरचं हॅम केंद्र १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतं, तर डिजिटल पॅकेट, म्हणजे संगणकी संदेशांचे छोटे तुकडे, १४५.८२५ वर पाठवतं. वेळ सांगणारी ॲप फुकट मिळतात. ज्या फेरीत ते क्षितिजापासून चाळीस अंशांहून वर चढतं ती निवडा, आवाज रोखणारा स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवा. ते येताना फ्रिक्वेन्सी तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते. एफएमवर हा फरक बहुतेक वेळा सेट स्वतःच पोटात घालतो.

एका फेरीत जास्तीत जास्त दहा मिनिटं मिळतात. अँटेना त्याच्यामागे हळूहळू फिरवत रहा आणि सिग्नल बुडतोय वाटलं की मनगट पाव वळसा फिरवा. उपग्रहाचं ध्रुवीकरण वाटेत बदलत राहतं, आणि हातातल्या अँटेनाइतकं चटकन कुठलंच यंत्र त्याच्यासोबत फिरत नाही. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने सोडलेला आपला हॅमसॅट, म्हणजे वूसॅट ऑस्कर-५२, २०१४ पर्यंत याच दोन मीटर बँडवर खाली बोलत होता. त्या काळात देशभरच्या कितीतरी गच्च्यांवर हातात असाच एखादा यागी धरून माणसं आकाशाकडे बघत उभी असत.

स्थानकाच्या चांगल्या फेऱ्या रोज मिळत नाहीत. काही दिवस सलग सोयीच्या फेऱ्या येतात, मग काही दिवस अडनिड्या वेळी. शिवाय त्यावरचं केंद्र कधी आवाजावर असतं, कधी पॅकेटवर, कधी बंद. पहिल्या फेरीत काहीच ऐकू आलं नाही तर अँटेनाला दोष देऊन कात्री काढू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर जा. पॅकेटचा तो कर्कश, अर्ध्या सेकंदाचा आवाज खरखरीतून एकदा वर आला की तो तुमच्याच हातातल्या पट्ट्यांनी पकडलाय हे कोणी सांगावं लागत नाही.